दोन वेढे दोरा

कुणाच्याही घरी शेड बसवायला गेले की स्टुलावर चढण्याआधी मी एक प्रश्न विचारायची, "ही शेड पुसतं कोण?" लोकांना वाटायचं, ही बाई आता स्वच्छतेवर भाषण देणार. काही बायका गडबडून आधी छताच्या कोपऱ्यात जळमटं आहेत का ते बघून घ्यायच्या. पुरुषमंडळी हसून "ते खातं हिच्याकडे" म्हणायची. मग मी पुढचं विचारायची, "त्या उजव्या की डावखुऱ्या?" इथे मात्र सगळेच माझ्याकडे संशयाने बघायचे. एका गृहस्थांनी तर मला विचारलं होतं, की तुम्ही लग्नंही जुळवता का.

मी नगरला सावेडीत लॅम्पशेड बनवायची आणि बसवायची. आता नगरचं अहिल्यानगर झालंय, पण माझं सगळं काम नगरात झालं, म्हणून नगरच म्हणते. आमच्या ह्यांचं इलेक्ट्रिकच्या सामानाचं लहानसं दुकान होतं. दुकानाच्या मागच्या खोलीत मी तारेच्या सांगाड्यावर कापड ताणून शेड शिवायची. खण, खादी, जुन्या साड्यांचे काठ, मिळेल ते. शेड घेतलेलं गिऱ्हाईक म्हणायचं, बसवून पण द्या. हे काम खरं म्हणजे ह्यांचं. पण ह्यांना उंचीची भीती. घडीच्या शिडीच्या तिसऱ्या पायरीवर ह्यांचे पाय लटपटायचे. आमच्या दुकानात शिड्याही विकायला होत्या, आणि हे जमिनीवर उभं राहून गिऱ्हाइकाला त्यांच्या मजबुतीची हमी द्यायचे. तेव्हा वर चढायचं काम माझ्याकडे आलं. पदर खोचून स्टुलावर चढलेली बाई बघायला सुरुवातीला शेजारपाजारचे लोक जमत. पुढे त्यांना सवय झाली आणि मलाही.

माझं नाव झालं ते मात्र शेड शिवण्यावरून नाही. ते झालं स्क्रू न लावता शेड बसवण्यावरून. "त्या बिनस्क्रूवाल्या बाई" अशीच माझी ओळख होती. आता यात जादू काही नाही, आणि मी निवृत्त झाले असल्याने सांगून टाकायला हरकत नाही. बल्ब ज्याच्यात बसतो त्या होल्डरच्या तोंडाशी बाहेरून आटे पाडलेले असतात आणि त्यांच्यावर एक रिंग फिरवून बसवलेली असते. बहुतेकांनी ती आयुष्यभर पाहिलेली असते, पण ती कशासाठी आहे हे कुणाला माहीत नसतं. ती शेडसाठीच असते. बल्ब काढायचा, रिंग फिरवून काढायची, शेडच्या वरच्या भोकातून होल्डरची मान घालायची, खालून रिंग परत आवळायची आणि बल्ब लावायचा. शेड होल्डर आणि रिंग यांच्यामध्ये चिमटीत धरल्यासारखी बसते. भिंतीला भोक नाही, छताला भोक नाही, शेड काचेची असली तर काचेला स्क्रूचा दाब नाही. भोक मोठं असेल तर रबराचा वॉशर घालायचा. रिंग किती आवळायची हे मात्र सांगून कळत नाही, ते हाताला कळावं लागतं. कमी आवळली तर शेड डुगडुगते, जास्त आवळली तर रिंग तडकते.

सावेडीत तेव्हा नवीन फ्लॅट होत होते आणि त्यात भाडेकरू येत होते. बँकेत बदलीवर आलेले, शाळेत नव्याने लागलेले. घरमालकांचा खिळ्यांवर फार राग. एक घरमालक तर दर महिन्याला बॅटरी घेऊन भाडेकरूच्या घरी येत आणि भिंती तपासत. त्यांच्या भाडेकरणीने माझ्याकडून निळ्या खणाची शेड घेतली. मालक आले, त्यांनी खुर्चीवर उभं राहून शेडच्या आत बॅटरी मारली, आणि स्क्रू सापडेना म्हणून अर्धा तास तिथेच बसून राहिले. शेवटी त्यांनी माझा पत्ता घेतला आणि आपल्या घरासाठी दोन शेड करून घेतल्या. त्या बसवताना त्यांनी मला बजावलं, की आपल्या घरात मात्र स्क्रू लावा, आपलंच घर आहे. मी लावले नाहीत. त्यांनी बॅटरी मारून पाहिलं की नाही ते ठाऊक नाही.

पुसण्याचा प्रश्न मी शिकले ती श्रीरामपुरात. तिथे गायकवाड सर म्हणून शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक होते. नाताळात ते व्हरांड्यात कागदी तारा लावत. तो होल्डरला नीट बसावा म्हणून कुणाकडून तरी माझं नाव ऐकून त्यांनी मला बोलावलं होतं. ताऱ्याबरोबर दिवाणखान्यासाठी माझी एक कापडी शेडही त्यांनी घेतली. दोन महिन्यांनी त्यांचं पत्र आलं. पत्र म्हणजे निकालपत्रकच होतं. शेड सैल होऊन बल्बवर टेकली, कापडाला भाजल्याचा तपकिरी डाग पडला, डागाची लांबी दीड इंच. तेव्हा बल्ब पिवळे आणि तापणारे असत. मी एसटीने गेले, नवीन शेड बसवली, रिंग चांगली आवळली. पुढच्या दोन महिन्यांत पुन्हा तेच, आणि या वेळी डाग दोन इंच.

मी हट्टाला पेटले. तिसऱ्यांदा गेले तेव्हा सरांच्या घरी जेवायलाच थांबले आणि डोळा त्या शेडवर ठेवला. दुपारी सरांच्या पत्नी मेरीबाई फडकं घेऊन आल्या आणि शेड पुसायला लागल्या. डाव्या हाताने. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. उजव्या हाताने पुसणारा माणूस शेडखाली उभा राहून फडकं डावीकडून उजवीकडे ओढतो. त्या ओढीने शेड आणि तिच्याबरोबर रिंग किंचित आवळली जाते. डाव्या हाताने पुसणाऱ्याची ओढ उलटी. रोज थोडी थोडी रिंग सुटत जाते. मेरीबाई तर दिवसाला दोनदा पुसत, त्यामुळे त्यांच्याकडे निकाल लवकर लागला.

उपाय सोपा होता. होल्डरच्या आट्यांवर सुती दोऱ्याचे दोन वेढे घालायचे आणि मग रिंग चढवायची. रिंग दोऱ्यात रुतून बसते, फडक्याच्या ओढीने हलत नाही. मग सगळ्यांनाच दोरा का घालू नये, असं कुणी विचारेल. कारण दोरा घातलेली रिंग उन्हाळ्या-पावसाळ्यात घट्ट धरून बसते, आणि शेड धुवायला काढताना जोर लावला की चिरते. म्हणून विचारायचं, शेड कोण पुसतं, आणि कोणत्या हाताने. डावखुऱ्यांसाठीच दोरा. माझ्या पिशवीत तेव्हापासून पांढऱ्या दोऱ्याचं एक रीळ कायमचं राहिलं. गायकवाड सरांनी हा शोध एका कागदावर आकृती काढून मला दिला, खाली सही केली, आणि मेरीबाईंना म्हणाले, "तुमच्यामुळे विज्ञान पुढं गेलं."

आमच्या सावेडीच्या दिवाळी अंकाच्या संपादकांनी मला सांगितलं होतं, तुमच्या धंद्यातल्या गमतीजमती लिहा, दिवाळीचे दिवस आहेत. एवढ्या लिहिल्या. आणखीही लिहिता आल्या असत्या. पण मला ज्याच्यासाठी लिहायचंय ते वेगळं आहे, आणि ते आता लिहिलं नाही तर माझ्याकडून लिहिलं जाणार नाही.

सावेडीतच, आमच्या घरापासून चार गल्ल्या पलीकडे, पारिजात कॉलनीत इनामदार वहिनी राहायच्या. यजमान कचेरीत मोठ्या जागेवरून निवृत्त झालेले. वहिनी शिस्तीच्या, पण प्रेमळ. त्यांच्याकडे एक दुधी काचेची शेड होती, पसरट, कडेला नागमोडी चुण्या असलेली. त्यांच्या माहेरची. माहेरचं घर विकलं गेलं तेव्हा भावांनी सगळं वाटून घेतलं आणि वहिनींनी फक्त ही शेड मागून घेतली होती. आधी कुणीतरी ती पितळी चकतीत तीन स्क्रूंनी आवळली होती, त्यात वरच्या भोकाच्या कडेचा टवका उडाला होता. आता तिला स्क्रूचा दाब सोसणार नव्हता. वहिनी ती कपड्यात गुंडाळून मांडीवर घेऊन रिक्षाने दुकानात आल्या. मी ती वर-खाली रबराचे वॉशर देऊन त्यांच्या दिवाणखान्यात बसवली. बसवण्याआधी विचारलंच, शेड पुसणार कोण. वहिनी म्हणाल्या, "मीच. ही मी कुणाच्या हाती देणार नाही." वहिनी उजव्या होत्या. दोरा घातला नाही.

त्यांच्याकडे छबूताई कामाला होत्या. राहात्याकडच्या. नवरा गेल्यावर नगरात आल्या आणि पारिजात कॉलनीत पाच-सहा घरची कामं धरली. त्या वेळी मी त्यांना छबू म्हणायची, सगळेच म्हणायचे. वयाने त्या माझ्याहून चांगल्या मोठ्या होत्या. अकरा वर्षांत ह्या बाईने माझा एक कप फोडला नाही, असं वहिनी येईल त्याला सांगायच्या. छबूताई ते ऐकून काम करता करता थोडं हसायच्या. त्या कॉलनीत नवीन बिऱ्हाड आलं, की लोक कामाला बाई विचारायला वहिनींकडे यायचे आणि वहिनी छबूताईंचं नाव सांगायच्या. छबूताईंची सगळी कामं अशी एका तोंडच्या शब्दावर उभी होती.

वर्षभराने वहिनींनी मला टेबललॅम्पसाठी बोलावलं. मी आत गेले तर छबूताई स्टुलावर उभ्या राहून तीच शेड पुसत होत्या. वहिनींचा खांदा धरला होता, हात वर जात नव्हता. "आता हिलाच सांगितलंय," त्या म्हणाल्या. "माझ्यापेक्षा हलक्या हाताने पुसते." आणि छबूताई पुसत होत्या डाव्या हाताने.

मी पाहिलं. शेड फडक्याबरोबर बोटभर फिरली. नीट बसलेली शेड फिरत नाही. म्हणजे रिंग सुटायला लागली होती. दोऱ्याचं रीळ माझ्या पिशवीत होतं. बल्ब काढा, रिंग काढा, दोन वेढे घाला, रिंग चढवा, पाच मिनिटांचं काम.

त्या दिवसांत राहात्याजवळच्या एका लॉजच्या चाळीस शेड माझ्याकडे होत्या. आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम. सांगाडे भरलेला टेम्पो वहिनींच्या फाटकाशी उभा होता आणि ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. हे मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. ते खरंही आहे. पण ते पुरतं खरं नाही. टेम्पो पाच मिनिटं थांबला असता. मला वहिनींसमोर स्टुलावर चढून म्हणायला नको होतं, की मी बसवलेली शेड सैल झाली आहे. बिनस्क्रूवाल्या बाईंचं काम सैल होत नाही, असं वहिनीच सगळीकडे सांगत असत. म्हटलं, लॅम्प द्यायला येईन तेव्हा सहज म्हणून दोरा घालून टाकीन. छबूताईंनाही काही बोलले नाही. लॅम्प तयार झाला तो हेच देऊन आले.

पुढे महिना-दीड महिना गेला असेल. सकाळी दहाच्या सुमाराला वहिनींचा फोन आला. आवाज रडवेला होता. शेड फुटली, काही सांधता येईल का बघायला या, असं म्हणाल्या. मी गेले. दिवाणखान्यात सगळीकडे दुधी काच. सांधण्यासारखं काही उरलं नव्हतं. छबूताई पायरीवर बसल्या होत्या. डाव्या हाताला पदराचा फाडलेला तुकडा गुंडाळला होता आणि तो लाल झाला होता. पडणारी शेड त्यांनी झेलायला पाहिली होती.

काय झालं ते मला विचारावं लागलं नाही. आतूनही पुसायचं म्हणून त्यांनी आधी बल्ब काढून बाजूला ठेवला होता. मग फडकं लावलं, शेवटचे आटे सुटले आणि रिंगेसकट शेड खाली आली. बल्ब जागेवर असता तर शेड श्रीरामपूरच्या शेडसारखी त्याच्यावर टेकली असती. आळशी बाईने बल्ब काढलाच नसता.

वहिनी म्हणाल्या, "छबू, वस्तू फुटते. मी त्याबद्दल एक शब्द बोलले नाही. पण ही म्हणते मी काही केलंच नाही, आपोआप पडली. आपोआप कशी पडेल? नलिनीताई, तुम्ही बसवलीय. तुम्ही सांगा, आपोआप पडते का?"

छबूताई उठल्या. "म्या नुसतं फडकं लावलं," त्या म्हणाल्या. "रिंग आपसूक हातात आली. ताई, तुमाला कळतंय त्यातलं. तुमी बगा अन् सांगा."

शेड झेलताना छबूताईंच्या हातून सुटलेली रिंग सोफ्याखाली गेली होती. मी वाकून ती काढली. अख्खी होती. एकही चीर नाही, आटे स्वच्छ. ओढून, धडकून शेड पडली असती तर रिंग फुटली असती किंवा होल्डरचे आटे तरी तुटले असते. मी वर पाहिलं, होल्डर शाबूत होता. ती रिंग फिरत फिरत सुटली होती, हे मला जितकं स्पष्ट दिसत होतं तितकं दुसऱ्या कुणाला दिसणं शक्य नव्हतं. त्या खोलीत हे वाचता येणारी एकटी मीच होते. दोघी माझ्याकडे बघत होत्या.

मी म्हणाले, "हाताळताना झालं असेल."

तेवढंच. पाडली असं म्हणाले नाही. धडधडीत खोटंही म्हणाले नाही, अशी मी पुढे कितीतरी दिवस स्वतःची समजूत घालत होते. आणि बोलता बोलता ती रिंग मी आपल्या पिशवीत टाकली.

छबूताईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि खाली बसून उजव्या हाताने काचा गोळा करायला लागल्या. वहिनी म्हणाल्या, राहू दे, मी करते. मग म्हणाल्या, "शेडचं मला दुःख आहे छबू, पण अकरा वर्षांनी तू माझ्याशी खोटं बोललीस, त्याचं जास्त आहे. उद्यापासून येऊ नकोस." वहिनी वाईट नव्हत्या. शेड फुटली म्हणून त्यांनी कुणाला काढलं नसतं. खोटं त्यांना चालत नसे. आणि छबूताई खोट्या ठरल्या त्या माझ्या तीन शब्दांनी.

ज्या तोंडच्या शब्दावर छबूताईंची कामं उभी होती त्याच तोंडून आता वेगळं बाहेर पडायला लागलं. वहिनी मुद्दाम कुणाकडे चुगली करायला गेल्या नाहीत, पण कुणी विचारलं तर जे झालं ते सांगत. एकेक घर सुटत गेलं. पावसाळा लागायच्या आत छबूताई भावाकडे राहात्याला निघून गेल्या, असं मला दुकानात कुणीतरी सांगितलं.

शेड फुटली त्या दिवशी मी जेवताना ह्यांना सगळं सांगितलं होतं. हे उंचीला भ्यायचे, पण बाकी कशाला भ्यायचे नाहीत. त्यांनी घास खाली ठेवला आणि म्हणाले, "उद्या जाऊन वहिनींना सांगून ये." मी बरं म्हणाले. उद्या गेले नाही. लॉजचं काम संपल्यावर जाऊ म्हटलं. मग इतके दिवस झाले, आता कोणत्या तोंडाने जायचं, असं वाटायला लागलं. ह्यांनी पुन्हा विषय काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं.

वर्षं गेली. आता घरोघरी पीओपीचं छत झालं आणि त्यात चपटे दिवे बसले. त्यांनाही स्क्रू लागत नाहीत, दोन स्प्रिंगा दाबल्या की खटकन आत बसतात. त्यांना शेड नको आणि पुसणाराही नको. दुकान आम्ही बंद केलं. ती रिंग बटणांच्या डब्यात राहिली. शर्टाचं बटण शोधायला डबा उघडला की हाताला लागायची आणि मी डबा बंद करायची.

मागच्या वर्षी इनामदार वहिनी गेल्या. मी भेटायला गेले. पुण्याहून मुलगा, सून आले होते. नातेवाईक बसले होते, वहिनींच्या आठवणी निघत होत्या. सूनबाई म्हणाली, आईंच्या माहेरची एक सुंदर शेड होती, ती एका कामवालीने फोडली आणि वर आपोआप पडली म्हणून सांगितलं. आईंना ते शेवटपर्यंत लागलं होतं, की इतकी वर्षं घरात असलेली बाई खोटं बोलली. सगळ्यांनी च्‌ च्‌ केलं. मी तिथे चहाचा कप हातात घेऊन बसले होते. तेव्हासुद्धा माझं तोंड उघडलं नाही. दुःखाच्या घरी कसं बोलायचं, असं मनाशी म्हटलं. निमित्त काढण्यात मी आता तरबेज झाले होते.

घरी आले आणि मला बसवेना. दुसऱ्या दिवशी तारकपूरच्या स्टँडवरून राहात्याची एसटी धरली. रिंग पर्समध्ये घेतली. राहात्यात छबूताईंच्या भावाचं घर शोधायला फार वेळ लागला नाही. घरात शिर्डीला जाणारे हार गुंफले जात होते. ओट्यावर झेंडू आणि गुलाबाचे ढीग होते, आणि दोन बायका सुई-दोरा घेऊन बसल्या होत्या. एक भावजय. दुसऱ्या छबूताई. केस पूर्ण पांढरे. भावजयीचे दोन हार व्हायचे तेव्हा छबूताईंचा एक होत होता. मी जवळ गेले तेव्हा कारण कळलं. त्या सुई उजव्या हातात धरत होत्या. फूल टोचताना ती वाकडी जायची, मग काढून परत टोचायच्या.

त्यांनी मला ओळखलं. "शेडवाल्या ताई न्हवं?" म्हणाल्या आणि पाट पुढे सरकवला. भावजयीला चहा टाकायला सांगितला. मी आधी तेच विचारलं, की तुम्ही डावखुऱ्या ना, मग सुई उजव्या हातात कशी.

"सोडला तो हात," त्या म्हणाल्या. "समदी म्हनली, डाव्या हातानं करती म्हनूनच पाडली. मलाबी वाटाया लागलं, तसंच असंल."

मी पर्समधून रिंग काढली आणि त्यांच्यासमोर धरली. सगळं सांगितलं. शेड फिरताना मी पाहिली होती हे सांगितलं, टेम्पोचं सांगितलं, दोऱ्याचं सांगितलं, सोफ्याखालच्या रिंगेवर काय लिहिलेलं होतं ते सांगितलं. तुमच्या हाताचा दोष नव्हता, माझ्या कामाचा होता, आणि ते मला त्याच दिवशी माहीत होतं, असं म्हणाले. मी रडत होते. छबूताई रडत नव्हत्या. त्यांनी रिंग डाव्या हातात घेतली, अंगठ्याने तिचे आटे चाचपले.

"वैनींना दावली का ही?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं, वहिनी गेल्या. मागच्याच आठवड्यात.

चहा आला, तो छबूताईंनी माझ्यापुढे सरकवला. मग म्हणाल्या, "मंग हितं कशापायी आलात, ताई? म्या पाडली न्हाई, हे मला ठावंच हुतं. ज्यांला ठावं न्हाई त्यांला सांगा."

मी माफी मागितली. त्यांनी रिंग मला परत दिली. उठताना मी विचारलं, की मी हे लिहिलं तर चालेल का, सावेडीत दिवाळी अंक घरोघर जातो. त्या म्हणाल्या, "लिवा. पर माझं नाव घाला. नुसतं कामवाली नका लिवू."

मी फाटकाशी येऊन मागे पाहिलं. सुई अजून उजव्याच हातात होती.

तेव्हा पारिजात कॉलनीतल्या ज्या घरांत हा अंक जाईल त्यांच्यासाठी, पुण्याच्या सूनबाईंसाठी, आणि ज्यांनी ही गोष्ट ऐकली आणि पुढे सांगितली त्या सगळ्यांसाठी लिहिते. इनामदार वहिनींच्या माहेरची शेड छबूताईंनी पाडली नाही. त्या खोटं बोलल्या नाहीत. रिंग खरोखरच आपसूक त्यांच्या हातात आली होती. ती सुटते आहे हे मी दीड महिना आधी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि दोरा माझ्या पिशवीत होता.